पाच सेकंदांची शांतता

किस्से जमवावे लागत नाहीत, फ्रिजच्या दारातल्या लोणच्याच्या बाटल्यांसारखे ते आपोआप साचतात. आमच्या रेडिओ स्टेशनचे तर इतके साचलेत, की बायको म्हणते, "प्रसाद, पाहुणे कोट काढेपर्यंत तरी थांब."

आम्ही राहतो त्या नेपरव्हिल गावापासून अर्ध्या तासावर मक्याचं शेत आहे. शेतात एक टॉवर आणि टॉवरखाली कार्पेटच्या दुकानाला चिकटलेल्या दोन खोल्या, एवढंच आमचं एएम स्पोर्ट्स स्टेशन. मालक वॉल्ट सत्तरीचा आहे. स्टेशन त्याच्या वडिलांनी सुरू केलं. शाळांचं फुटबॉल, पोरांचं बेसबॉल, झालंच तर मासेमारीच्या स्पर्धा. घाम येईल ते सगळं तिथे लागतं. मासेमारीत कुणाला घाम येतो, हे मी अजून विचारलेलं नाही.

*

पूर्वी या स्टेशनला फक्त दिवसाउजेडाची परवानगी होती. सूर्य मावळला की प्रक्षेपण बंद, असा सरकारी नियम. एका डिसेंबरात शाळेच्या बास्केटबॉलची फायनल लांबली. शेवटचा सेकंद, एका गुणाने मागे, गावच्या पोराने बॉल फेकला, बॉल हवेत. वॉल्टच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं आणि बटण बंद केलं! माणूस नियमाचा पक्का.

गावात ज्यांच्याकडे फोन होता त्यांनी रात्रीच निकाल काढला असणार. तरी दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला सगळं गाव रेडिओपाशी बसलं होतं, असं वॉल्ट शपथेवर सांगतो. स्टेशन सुरू झालं. ना गुड मॉर्निंग, ना हवामान. वडिलांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "आणि बॉल आत!"

*

एका जानेवारीत इतका बर्फ पडला की सगळ्या मॅचेस कॅन्सल झाल्या. स्टेशनवर अडकलेला एकटा वॉल्ट, आणि समोर तीन तास रिकामे. त्याने खिडकीतून पाहिलं. कार्पेटवाला हँक फावड्याने आपली गाडी बर्फातून काढत होता. वॉल्टने त्याचीच कॉमेंट्री सुरू केली. हँकने डावीकडून सुरुवात केलीय, फॉर्म चांगला आहे, पण कंबर साथ देईल असं दिसत नाही.

थोड्या वेळाने हँक दमला आणि ऊब घ्यायला गाडीत जाऊन बसला. सवयीने रेडिओ लावला, तर वॉल्ट दुःखी आवाजात सांगत होता, "हँकने हार मानलेली दिसते." हँक तडक उतरला आणि त्याने उरलेली गाडी काढलीच, वर वॉल्टचीही काढून दिली.

*

अशा स्टेशनवर सतीश आणि मी शिरलो. सतीश मूळचा नागपूरचा, दिवसा डेटाबेस सांभाळतो, रविवारी जीव क्रिकेटमध्ये. इथल्या आपल्या लोकांच्या लीगची कॉमेंट्री, उन्हाळ्यात दर रविवारी दोन तास, चक्क मराठीतून! सतीश मैदानावरून फोनवर बोलायचा, मी स्टुडिओत बसायचो. वॉल्टला एक अक्षर कळत नसे. त्याने आम्हाला एकच नियम शिकवला: पाच सेकंदांच्या वर शांतता नको. लोकांना वाटतं स्टेशन मेलं.

अडचण एकच होती. आम्हाला कुणी फोन करत नसे. वॉल्टच्या लेखी फोन नाही म्हणजे श्रोता नाही. स्टुडिओतल्या फोनवरचे चार लाइनींचे चार दिवे आमच्या वेळेत कधी लागलेच नाहीत.

लोक ऐकत होते, हे मला पक्कं माहीत होतं. संक्रांतीच्या कार्यक्रमात शैलाकाकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "जुलैत तू स्कोअर चार रनांनी चुकवलास." सहा महिने मनात ठेवलं होतं! मी कळवळून म्हटलं, "काकू, स्टेशनवर फोन करून सांगा ना." त्या म्हणाल्या, "फोन कशाला? तू इथे भेटतोसच की."

*

गेल्या उन्हाळ्यात वॉल्टने शेवटी सांगून टाकलं, की तुमचे दोन तास बोलिंगच्या, म्हणजे बॉल घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या खेळाच्या, कार्यक्रमाला देतो. त्यालाही वाईट वाटत होतं. आमचा शेवटचा रविवार म्हणून तो डोनट घेऊन स्टुडिओत येऊन बसला. मी एक उचलला आणि खोक्यात परत ठेवला. सहा वर्षं जपलेला कार्यक्रम होता तो.

त्या दिवशी मिलिंद कांबळे खेळत होता. फार्मासिस्ट, वय सेहेचाळीस, आयुष्यात एकदाही शंभर नाहीत. बघता बघता तो नव्व्याण्णववर पोचला आणि सतीश गप्प झाला.

मीही गप्प झालो. आपल्यात अशा वेळी कुणी बोलतं का? जो जिथे बसलाय तिथे बसून राहतो, उचललेला कपसुद्धा खाली ठेवत नाही. माझा हात डोनटच्या खोक्यावर होता, तो तिथेच राहिला. पाच सेकंद झाले. दहा झाले. वॉल्ट खुर्चीतून अर्धा उठला. मी डोळ्यांनीच नको नको म्हणत होतो, कारण मान हलवायची सोय नव्हती. पंधराव्या सेकंदाला त्याने माइक ओढला आणि श्रोत्यांची क्षमा मागितली, तांत्रिक अडचण आहे, लवकरच परत येतो.

पलीकडून सतीशचा आवाज आला. "मिलिंद बोल्ड."

आणि फोनचे चारही दिवे एकदम लागले.

पहिला मी उचलला. शैलाकाकू. हॅलो नाही, काही नाही. "मध्येच कोण कडमडला रे तो?"

वॉल्टने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, या बाई दर रविवारी ऐकतात.

दुसरा फोन ऑरोराहून, तिसरा गाडी कडेला लावून कुणीतरी केलेला. आवाज दोघांचेही चढलेले. मी सांगितलं, हेही नेहमी ऐकतात, मनापासून ऐकतात. वॉल्टचे डोळे भरून आले. बोलिंगवाल्यांना दुसरी वेळ देतो म्हणाला, पुढच्या रविवारी वेळेवर या.

चौथा फोन मैदानावरून होता. आवाज धापा टाकत होता. बायकोने गाडीत रेडिओ लावला होता, फोनही तिनेच लावला होता आणि आउट होऊन येताच सगळं सांगून हातात दिला होता. पॅडही अजून सुटले नव्हते.

"प्रसाद," मिलिंद म्हणाला, "त्याला दे जरा."

वॉल्टने हसत हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला.