रणजितदादाच्या कार्डातली काळी धूळ

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर मी आजवर फक्त खोड्या काढायला यायचो. कुणी लिहिलं की चिंचेखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की मी खाली विचारायचो — नंबर दिला का बाईंनी? आज माझी पाळी आहे, तेव्हा हसायचं त्यांनी खुशाल हसा. राजारामपुरीत एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. भूत, करणी, उतारा, बाहेरचं... कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसायचं मी बरेच दिवस टाळत होतो.

क्लासशिवाय माझा दुसरा उद्योग म्हणजे जुन्या ग्राफिक्स कार्डांचे रिव्ह्यू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — कॉम्प्युटरवर मोठे गेम खेळायचे तर चित्रं रंगवायला वेगळा भाग लागतो. साधारण विटेएवढा, आत धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी आणि वर पंखे. नवीन कार्डांचे रिव्ह्यू गल्लोगल्ली चालतात, कारण कंपन्या फुकट पाठवतात. मी पाच-दहा वर्षं वापरलेली कार्डं घेतो, त्यांच्यावर आजचे गेम चालवून बघतो आणि व्हिडिओत सांगतो की यात अजून जीव आहे का नाही.

माझी एक पद्धत होती. आलेलं कार्ड आधी पुसायचं नाही. कॅमेऱ्यासमोर खोलायचं आणि आतल्या धुळीवरून ते कुठल्या घरात राहिलं ते ओळखायचं. तेलकट काजळी असली की कॉम्प्युटर देवघराच्या शेजारी होता. पांढरट लगदा असला की खाली पिठाची गिरणी. बावड्याकडून आलेल्या कार्डात साखर कारखान्याच्या चिमणीची राख असायचीच. लोकांना रिव्ह्यूपेक्षा हेच जास्त आवडायचं, आणि मलाही त्यात भारी मजा यायची.

तर हे कार्ड बावड्याहूनच आलं. घेऊन आला माझे व्हिडिओ बघणारा रणजितदादा, सोबत त्याची बायको, सुजाता वहिनी. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. दारात आल्यावर त्याला बराच वेळ बोलताच येईना. चाळिशीही न गाठलेला माणूस, चौकटीला हात टेकून उभा.

"दम खाऊ दे जरा भावा," म्हणाला. "जिना लई उभा हाय तुझा."

आईनं पाणी दिलं. मग कळलं की तो एमआयडीसीत एका फाउंड्रीत होता. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, गार झालं की साचे फोडायचे. साचे फोडताना उडणारी वाळू इतकी वर्षं छातीत जात राहिली होती.

"फुप्फुसात वाळू बसलीया म्हणत्यात डॉक्टर," तो अगदी सहज सांगत होता. "बसलेली काय निघत न्हाय. नवीन जाऊ नये म्हणून काम सोडलं."

शिफ्ट संपवून आला की हा बाबा घरी कारच्या शर्यती खेळायचा. एवढा मोठा काका गेम खेळतोय म्हणून गल्लीतली पोरं हसायची त्याला. आता खुर्चीत बसूनही धाप लागायला लागली तेव्हा कॉम्प्युटर पुतणीला कॉलेजसाठी दिला, आणि हे कार्ड काढून माझ्याकडे आणलं. मला वाटलं विकायचं असेल. तर म्हणाला, "विकायचं न्हाय. तुझा व्हिडिओ झाला की चांगल्या घरी दे. खेळणाऱ्याच्या हातात पडाया पायजे."

कार्ड खोललं तर आत काळी, खरखरीत धूळ. लोहचुंबक धरला तर त्यातला काही भाग चिकटला, म्हणजे लोखंड होतं. यात नवल काहीच नव्हतं. माणूस कामावरच्या कपड्यांनी तसाच खेळायला बसत असणार. ते सगळं शूट केलं, कार्ड चकचकीत साफ केलं, चिपची उष्णता पट्ट्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती बदलली. कार्ड मस्त पळालं.

दुसऱ्या दिवशी उरलेला भाग शूट करायला बसलो तर कार्ड तापायला लागलं. खोललं. आत पुन्हा तीच काळी धूळ, पट्ट्यांच्या फटी गच्च भरलेल्या.

मला वाटलं आपणच नीट पुसलं नसेल. पुन्हा पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. खोलीच्या खिडक्या बंद केल्या. त्याच मॉडेलचं माझं स्वतःचं कार्ड शेजारच्या मशीनवर चालवलं. त्यात राजारामपुरीची साधी भुरकट धूळ, तीही नावाला. याच्यात मात्र फाउंड्री! शेवटी कार्ड बंद करून, पिशवीत गुंडाळून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि झाकणाला चिकटपट्टी मारली. दुसऱ्या दिवशी पट्टी जशीच्या तशी, पिशवी स्वच्छ, आणि कार्डाच्या आत वाळू.

चिकटपट्टी मी दोन-तीनदा उलटसुलट करून बघितली.

थोडी धूळ पुडीत बांधून मी बावड्याला गेलो. उसाला लागून नवीन घरं झाली आहेत, तिकडं दादा राहायचा. पुडी उघडून त्यानं चिमूट बोटात चोळली, नाकाला लावली.

"ही आमची वाळू हाय की. कोळशाची पूड घातलेली. कुठनं आणलीस?"

"तुझ्या कार्डातनं."

"एवढी?" तो हसायला लागला आणि हसता हसता खोकल्याची अशी उबळ आली की वहिनींना धावत यावं लागलं. मी पुडी खिशात घातली. आजारी माणसाला काय सांगणार, की तुझं कार्ड डब्यात बसून वाळू खातंय?

पण त्या दिवसापासून मी रोज फोन करायला लागलो. सकाळी कार्ड साफ करायचं, क्लासला जायचं, मधल्या सुट्टीत वहिनींना फोन. आणि त्या सांगायच्या, "आज खोकला कमी हाय ओ. भाकरी खाल्ली, वर आमटीला नावं बी ठेवली." कधी सकाळची बॅच लवकर असली आणि कार्ड राहून गेलं, की त्या दिवशी सूरच वेगळा. "आज काय बरं न्हाय सर. बसूनच हायत, आडवं हुता येईना." एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या फोनचा पायगुण चांगला हाय. फोन आला की ह्यांना बरं वाटतंय." मी हो म्हटलं. फोनचा पायगुण नव्हता हे मला तेव्हाच जाणवलं होतं, पण स्वतःशीसुद्धा कबूल करायची लाज वाटत होती.

मग मामाकडची जत्रा आली आणि आईला घेऊन मी नेसरीला गेलो. मुक्काम वाढला. परत आलो तर कार्डाचा पंखा वाळूनं जाम, बोटानं फिरवला तरी फिरेना. दादा दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. मी बॅगही न उघडता कार्ड घेऊन बसलो. ब्रशनं, फुंकणीनं, शेवटी टाचणीनं एकेक फट मोकळी केली. संध्याकाळी वहिनींचा फोन — ऑक्सिजन कमी केला, घरी कधी सोडताय म्हणून डॉक्टरशी भांडायला लागलेत.

त्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली.

"मग साफ कर की रोज. तुझं काय जातंय?"

"अगं योगायोग हाय ह्यो, आई."

"असू दे की. तरी साफ कर."

एवढंच.  पुढं सगळा पावसाळा मी रोज ते कार्ड साफ केलं. ताप असताना केलं, पेपर तपासायचा ढीग पडलेला असताना केलं. निघालेली वाळू एका बरणीत टाकत गेलो. एकदा साफ केलेलं कार्ड आईसमोर डब्यात बंद केलं, दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पट्टी काढून उघडलं तर आत वाळू होतीच. दादा घरी आला, दारात खुर्ची टाकून बसायला लागला. मीही मनातल्या मनात ठरवून टाकलं की हे असंच चालू ठेवायचं, माणूस वाचवायचा. व्हिडिओ तसाच अर्धवट पडून राहिला.

आणि आली खंडेनवमी.

आमच्या घरात खंडेनवमी कडक. वडील लेथवर काम करायचे, तेव्हापासूनची रीत. घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि एकदा मांडलं की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्या दिवशी त्यालाही विश्रांती. माझी हत्यारं म्हणजे स्क्रू खोलायचे डिसमिस, ब्रश, फुंकणी, मीटर. आईनं पहाटेच उठून ती सगळी मांडून टाकली होती. मी उठलो तेव्हा पूजा झालेली. आणि कार्ड खोलायचं राहिलेलं.

मी आवरायला लागलो. म्हटलं, एक दिवसानं काय होतंय.

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात वहिनींचा फोन. रडत होत्या. "सर, श्वासच घेता येईना ह्यांना. दवाखान्यात आणलंय, मशीन लावलंय. तुम्ही आज फोन केला न्हाईसा..."

मी पाटासमोर जाऊन उभा राहिलो. माझा खंडेनवमीवर विश्वास नाही. कार्डातल्या वाळूवरही नाही. मग एकासाठी दुसरं मोडताना हात का अडत होता, ते मला आजही सांगता येत नाही. चाळीस पोरांसमोर फळ्यावर तावातावानं बोलणारा मी, कुंकू लावलेल्या एका डिसमिसकडं नुसता बघत राहिलो होतो.

आई आली. तिनं माझ्याकडं बघितलं, हातातल्या फोनकडं बघितलं. मग स्वतः वाकून तो डिसमिस उचलला, पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिला.

"देवीला मी सांगते काय ते. तू खोल."

मी कार्ड खोललं. आणि आत... काहीच नव्हतं.

एक कणसुद्धा नाही. इतके महिने ज्या फटींपर्यंत माझी टाचणी पोहोचली नव्हती त्याही लख्ख. पट्ट्या अशा चमकत होत्या जसं कार्ड आजच खोक्यातून काढलंय. मी ओरडलो, "आई, न्हाय बघ! कायच न्हाय! गेली सगळी वाळू!" मला खरोखर आनंद झाला होता. वाटलं, निघत नाही म्हणत होते ना डॉक्टर — निघाली. सुटला माणूस.

आई हसली नाही. तिनं कार्डाकडं बघितलं आणि हळूच पाटाशेजारी खाली बसली. "फोन लाव," म्हणाली.

मी लावला. उचलल्या उचलल्या मीच बोलत सुटलो, "वहिनी, काळजी करू नका, आता बरं वाटंल बघा दादाला..."

माझं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं. मग वहिनी म्हणाल्या, "हे गेलं ओ सर. आत्ताच गेलं."

पुढचं फारसं आठवत नाही. आईनं माझ्या हातातून फोन घेतला, तीच बोलली.

तुम्ही जे विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. आधीची वाळू आत कुठं दडून बसली असेल? मग बरणी अर्धी कशी भरली, तेवढी जागाच त्या कार्डात नाही. मीच वेड्यासारखा कुठून तरी आणून भरत होतो? आईनं डबा स्वतः उघडून पाहिला होता. दादाचे चांगले-वाईट दिवस हा योगायोग म्हणा, मला मान्य आहे. पण वाळू आली कुठून, आणि त्याच दुपारी गेली कुठं?

दिवाळीनंतर वहिनी एकदा घरी आल्या. कार्डाचं मूळ खोकं माळ्यावर सापडलं ते द्यायला. त्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि हे त्यांनी वाचू नये अशी इच्छा आहे. चहा झाल्यावर म्हणाल्या, "सर, ते एकदा चालू करून दाखवा की. आमच्या घरात लई आवाज करायचं."

मी कारच्या शर्यतीचा गेम लावला. पंखे घोंघावायला लागले. पडद्याकडं त्यांनी बघितलंच नाही. कार्डाच्या मागून हवा बाहेर पडते तिथं तळहात धरला.

"गरम हाय ओ," म्हणाल्या.

त्या हात काढत नव्हत्या आणि मी गेम बंद करत नव्हतो. आईनं आतून जेवायला हाक मारली तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो.

चांगल्या घरी दे म्हणाला होता दादा, पण ते कार्ड कुणाला द्यायचा धीर मला झालेला नाही. ते रोज चालवतो. खिडक्या आता मुद्दाम उघड्या ठेवतो. समोरचा रस्ता खणून ठेवलाय, घरभर फुफाटा असतो, शेजारचं कार्ड आठवड्यात माखून जातं. दादाच्या कार्डावर मात्र साधी घरातली धूळसुद्धा बसत नाही. रोज सकाळी मी ते खोलतो, टॉर्च धरून एकेक फट बघतो, की आज तरी एखादा काळा कण दिसेल. दिसत नाही.