खिळ्यावरची जर्मन टोपी

आबांनी टोपी घातली की मार ठरलेला. माझे वडील शिरूर अनंतपाळच्या आमच्या घरात एरवी बोडक्या डोक्यानं हिंडायचे. पण राग चढला की आधी भिंतीकडं जायचे, खिळ्यावरची ती तपकिरी, लाल किनारीची जर्मन टोपी डोक्यावर दाबायचे आणि मग चामड्याचा पट्टा हातात घ्यायचे. महायुद्धात इटलीत एका जर्मन कप्तानाला संगीन खुपसून ती मिळवली, असं ते सांगत. टोपीला भोक होतं, ते संगिनीचं. आत डाग होता, तो कप्तानाच्या रक्ताचा. टोपी त्यांना मुळीच होत नसे, टाळूवर कशीबशी चिकटून राही. गोऱ्यांची डोकी बारकीच असतात, हे त्यांचं उत्तर. त्यावर हसायची कुणाची टाप नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात माय टँकरच्या रांगेत अर्धा दिवस उभी राहिली, एक घागर घेऊन आली आणि उंबऱ्यात ठेचकाळली. पाणी अंगणातल्या भेगांत गेलं. आबांनी टोपी घातली. पट्टा तुटला तेव्हा हातांनी मारलं. "कप्तान टिकला न्हाई माझ्याम्होरं, तू कोन गं?" असं ओरडत मारलं. मायच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि त्या कानानं तिला पुढं कधीच ऐकू आलं नाही. शेजारी दारापर्यंत आले होते. लढाईवरून आलेला माणूस, त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, असं म्हणत परत गेले. मायसुद्धा तेच म्हणायची, "मानसं मारलीत त्यायनी. आतून जळत असंल." या एका समजुतीवर तिनं संसार रेटला. मला त्या समजुतीचा माराहून जास्त संताप यायचा.

त्याच साली मी पळून नांदेड गाठलं आणि जुन्या लष्करी वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडं कामाला लागलो. पुण्या-हैदराबादचे शौकीन तिथं तलवारी, बिल्ले, टोप्या बघायला येत. जर्मन टोप्यांवर त्यांच्या उड्या पडत, आणि बनवाबनवीही त्यातच सगळ्यात जास्त. टोपी बाहेरून बघायची नाही, उलटी करून बघायची, हे मालकानं शिकवलं. कपाळपट्टी कुठं काळी पडली, अस्तर कुठं झिजलं, शिक्का कुठला. कापड, बिल्ला, टाका, सगळं नकली करता येतं. वर्षानुवर्षांचा घाम करता येत नाही. दहा वर्षांत माझ्या शब्दाला वजन आलं. खोटी टोपी घेऊन येणाऱ्याची मी चारचौघांत सालटी काढायचो. घरची टोपी मात्र कधी हातात घेतली नव्हती. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटायची.

लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीत माजी सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येक वस्तूसोबत जाणकाराच्या सहीचं कार्ड हवं होतं. आबांनी मला बोलावणं धाडलं.

"लिव," ते म्हणाले, "कप्तानाला मारून आनली. तुझं लिवलेलं मानत्यात म्हनं."

मी टोपी उलटी केली. कपाळपट्टीवर घामाचा एकच डाग होता, मागं सरकलेला, आबांचा. अस्तराखाली कारखान्याची कागदी चिठ्ठी अजून शिवलेली होती. रोजच्या वापरात ती महिनाभरही टिकत नाही. भोकाच्या कडा कसरीनं खाल्लेल्या. रक्ताचा डाग म्हणजे आमच्याच खिळ्याचा गंज. आणि तपकिरी, लाल किनारीची ही टोपी कप्तानाची नव्हतीच. ती जर्मनीतल्या शाळकरी पोरांच्या संघटनेची, पोरांच्याच मापाची होती. कुठल्यातरी गोदामातल्या गठ्ठ्यातून उचललेली.

"टोपी खरी हाय," मी म्हणालो. "पन तुमच्याआधी ती कुनी घातलीच न्हाई. कप्तान नव्हता, आबा. कुनी मेलं न्हाई."

त्यांनी काठी उगारली. मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. काठी पडली तरी सोडलं नाही. हाड मोडावं असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. माझा दुसरा हातही वर गेला होता.

"काय करत होता तिथं? बोला!"

"खेचरं," ते कण्हले. "खेचरं सांभाळीत होतो."

माय चुलीपासून उठून आली. उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाली, "काय म्हनलास? ह्या कानात सांग."

मी सांगितलं. तिनं आधी माझा उगारलेला हात खाली केला, आबांचं मनगट सोडवलं, मग त्यांच्याकडं वळली.

"लढाईत तुमी कुनालाच मारलं न्हाई?"

आबा मनगट चोळत राहिले.

"मंग मारलं ते मलाच व्हय?"

माय तिथून वळली. मग माझ्यासमोर बसली.

"लिव कारडावर. लढाईत कुनी मेलं न्हाई. घरात एक कान गेला."

मी तेच लिहिलं, खाली सही केली आणि आबांना दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. टोपी प्रदर्शनात गेली नाही. कार्ड मात्र मायनं टोपीच्या खिळ्यावर टोचलं. आबा जाईपर्यंत ते तिथंच होतं, आणि त्याच्याखालीच ते रोज जेवायला बसत.