पानांवरची पिवळी वर्तुळं

मलकापूरजवळच्या गावातून सासूबाई आमच्या कोल्हापूरच्या फ्लॅटवर आल्या आणि महिना उलटत नाही तोच 'मला गावाला सोडून या' सुरू झालं. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. सासरे गेलेले, गावचं घर रिकामं, त्यात गुडघे धरलेले. एकट्या राहणार कशा, म्हणून नवरा घायकुतीला आलेला. "हितं काय काम हाय मला? नुसतं खाऊन बसायचं," त्या म्हणायच्या. खरंच होतं ते. मी स्वयंपाकघरात कुणाला फिरकू देत नाही, स्वभावच तसा.

माझा जीव तेव्हा खिडकीतल्या आफ्रिकन व्हायोलेटमध्ये. मैत्रिणीनं बंगळूरहून एक पान आणून दिलेलं, त्याच्या मी दोन कुंड्या केल्या होत्या. लव असलेली जाड पानं, मध्ये जांभळी फुलं. थंडी पडली आणि पानांवर पिवळट वर्तुळं उमटायला लागली. डोकंच फिरलं माझं. शेजारीण म्हणाली, ऊन लागतंय. नर्सरीवाला म्हणाला, खत जास्त झालं. कुंड्या मागं ओढल्या, खत बंद केलं, तरी वर्तुळं वाढतच गेली. पानांच्या खाली किडाबिडा काही नाही. उन्हानं असतं तर खिडकीकडची पानं आधी करपली असती. ती तर ठणठणीत. डाग सगळे खोलीच्या बाजूला, आणि तेही थेंबाएवढे.

एका सकाळी बघते तर सासूबाई आंघोळ करून कुंडीपुढं उभ्या. डोळे मिटलेले, हातात तांब्या, पानांवर बारीक धार. आमच्या फ्लॅटला ना अंगण ना गॅलरी, तुळस ठेवायची कुठं? त्यांनी व्हायोलेटलाच तुळस केलं होतं. तांब्या रात्रभर ओट्यावर भरून ठेवलेला. त्या गेल्यावर उरलेल्या पाण्यात बोट घातलं, बर्फासारखं गार. दुसऱ्या कुंडीतल्या एका चांगल्या पानावर ते शिंपडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यावरही तसंच वर्तुळ. उबेतल्या पानाला गार पाण्याचा चटका बसत होता, बाकी रोग कसला नव्हता.

जिभेवर आलेलं मी गिळलं. मी आणि गिळलं, कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पण आमच्या घरात त्यांनी आपणहून हातात घेतलेलं तेवढं एकच काम होतं. तेही काढून घेतलं असतं तर संध्याकाळच्या एसटीनं त्या गेल्याच असत्या.

मग त्या आंघोळीला शिरल्या की मी तांब्यातलं पाणी ओतून कोमट भरून ठेवायचे. नंतर त्या जपाला बसल्या की कोंबात साचलेलं पाणी फडक्यानं टिपायचे, नाहीतर कोंब कुजतो. जुने डाग गेले नाहीत, ते जातही नाहीत. नवी पानं मात्र नितळ आली. गावाचं नावही निघेनासं झालं. मला वाटलं, रमल्या.

होळीनंतर पाणी तसं गार राहत नाही, म्हणून मी तांब्याला हात लावायचं सोडलं. त्याच आठवड्यात त्यांनी पिशवी भरली.

"आता काय झालं आत्या?" मी कावूनच विचारलं.

"तांब्या कोमट करून ठेवायचीस. मला कळत न्हाय व्हय? झाडाचं नुकसान मी करतोय, ते बी उमगलं हुतं. तरी तू बोलली न्हाईस. म्हटलं, हिला मी हितं पाहिजे. म्हणून ऱ्हायलो." त्या पिशवीचे बंद आवळत होत्या. "आता ते बी बंद केलंस."

मी पिशवीवर हात ठेवला.

"अहो, उन्हाळा लागला म्हणून," मी कसंबसं म्हणाले. "तुम्ही पाहिजे आहात मला. जाऊ नका."



"मग तसं तोंडानं सांगायचं की," म्हणाल्या, आणि बंद सोडून एकेक लुगडं बाहेर काढायला लागल्या.