पाद्र्याच्या बागेचा कप्तान

आमच्या धक्क्यावर परीक्षेला रोज नवी माणसं बसायची, पण नापास मात्र रोज एकच माणूस व्हायचा, कप्तान हेझ्रन मॉक्सी. आणि गंमत अशी, की परीक्षा घेणाराही तोच.

कसं ते सांगतो. मिस व्हर्लीनच्या बोटी दिवसाच्या भाड्याने जातात. सकाळी न्या, उन्हं उतरली की आणून द्या, मधला समुद्र तुमचा. बेटं बघा, तोंडात नळी धरून पोवळ्यांवर तरंगा, वाळूत लोळा. बोट ज्याची त्याने चालवायची. पण ती ताब्यात मिळण्याआधी गिऱ्हाइकाने धक्क्यावरून सोडायची, खाडीतल्या लाल पिंपाला वळसा घालायचा आणि परत आणून नीट बांधायची, असा व्हर्लीनचा दंडक. जमलं तर खुशाल जा. नाही जमलं तर सोबत कप्तान घ्यायचा, त्याचे पैसे वेगळे. आणि कप्तान म्हणजे हेझ्रन.

आता दुसरा कुणी असता, तर त्याने चारातल्या एकाला तरी पाडलं असतं आणि टोपी घालून मजेत समुद्रावर गेला असता. हेझ्रनला ते कधी साधलं नाही, कारण त्याला शिकवायचं वेड. एखादी बाई बोट तिरकी आणतेय असं दिसलं, की याचा जीव खालीवर. धक्क्याच्या काठावर ओणवा होऊन म्हणायचा, "इंजिन मोकळं सोड पोरी, वारा आणतोय तुला, आणू दे त्याला." पाण्याचा रंग कसा वाचायचा, तपकिरी दिसलं की का थांबायचं, नांगर खडकात न टाकता वाळूत का टाकायचा, सगळं इतक्या जीव तोडून सांगायचा, की ज्यांनी जन्मात बाथटबापलीकडे पाणी पाहिलं नाही तीसुद्धा माणसं अर्ध्या तासात कोळ्यासारखी गाठ मारायची. मग ती हात हलवत निघून जायची आणि हा खांद्यावरची पिशवी उतरवून माझ्या टपरीवर यायचा. डब्यातला जॉनीकेक, आमची जाड गोडसर भाकरी, माझ्या शंखमांसाच्या कोशिंबिरीबरोबर खायचा. कोशिंबिरीत लिंबू कमी आहे, असंही वर सांगायचा.

"अरे, पाड की एखाद्याला," आम्ही म्हणायचो.

"पाडीन ना. पण त्या बाईला येत होतं."

"तू शिकवलंस म्हणून आलं."

"मग काय, शिकवू नको?"

आमच्यातले काही जण तर म्हणायचे, की हा मुद्दामच करतो, याला समुद्राची भीती बसलीय. तसं म्हणणाऱ्यांत मी नव्हतो. मी फक्त ते पुढे सांगायचो.

खरं म्हणजे त्याला समुद्रावर जायची किती आस होती ते सगळ्या एक्झुमा बेटाला माहीत होतं. त्यातही त्याला एकाच ठिकाणी जायचं होतं. आमच्या खाडीच्या तोंडाबाहेर, दोन ओसाड बेटांच्या मधल्या पाण्यात, पोवळ्यांचं एक रान आहे. आम्ही त्याला पाद्र्याची बाग म्हणतो. हरणाच्या शिंगांसारख्या मधाळ रंगाच्या फांद्या, एकीत एक गुंतलेल्या, माणसाच्या उंचीच्या, आणि त्यांच्यामधून पिवळ्या माशांचे थवे. चर्चचं त्रिकोणी छप्पर आणि बेटावरचा वाकडा माड एका ओळीत आणले, की बोट नेमकी त्या रानातल्या वाळूच्या अंगणात उभी राहते. ही ओळ हेझ्रनच्या मामाने त्याला दाखवली, आणि हेझ्रनने उभ्या जन्मात ती कधी चुकवली नाही. धुक्यातही नाही आणि, त्याच्या दुश्मनांच्या म्हणण्याप्रमाणे, रम प्यायल्यावरही नाही. बायकोला मागणी त्याने तिथेच घातली, पाण्यात. इस्मे सांगायची, की नळी तोंडात असल्यामुळे तिला नाही म्हणताच आलं नाही.

मग इस्मे गेली, याचं कमरेचं हाड मोडलं आणि मुलगी त्याला राजधानीत, नॅसॉला घेऊन गेली. तिथे ऑपरेशन झालं, काठी आली, ती सुटली. मुलीच्या घराच्या गच्चीवरून समुद्र दिसायचा म्हणे, पण "टीव्हीत दिसावा तसा." शेवटी मुलीशी भांडून परत आला. स्वतःची बोट तोवर वादळाने नेली होती. व्हर्लीनने त्याला परीक्षा घ्यायच्या कामावर ठेवलं. व्हर्लीनला लहानपणी याच माणसाने पोहायला शिकवलेलं, त्यामुळे तिचा नाइलाज होता.

आल्या दिवसापासून त्याचं एकच. एकदा बागेत जाऊन यायचं. शेवंडं पकडणारा क्लीव्हन रोज त्याच बाजूला जातो, म्हणून त्याला म्हणाला, मला घेऊन चल. क्लीव्हन म्हणाला, नेतो की काका, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात इंजिन बिघडलं. मग लाटा मोठ्या होत्या. मग बोटीत जाळी भरलेली होती. दुसऱ्या दोघा-तिघांना विचारलं, त्यांचंही असंच काहीतरी. हेझ्रनने मनाला लावून घेतलं. म्हातारा पाण्यात पडला तर आपल्या गळ्यात येईल म्हणून पोरं टाळतात, असं तो मला म्हणाला आणि त्यानंतर कुणालाही विचारणं बंद केलं. मानी फार तो माणूस.

म्हणून मग उरला एकच रस्ता. कुणीतरी नापास व्हायला हवं.

तोवर तो गिऱ्हाइकांच्या डोळ्यांनी बाग बघायचा. परीक्षा झाली, की नकाशावर बोट ठेवून प्रत्येकाला सांगायचा, आधी इथे जा. छप्पर आणि माड समजावून द्यायचा. संध्याकाळी ती माणसं परत आली, की दोर हातात घ्यायच्या आधी विचारायचा, "कशी होती बाग?" आणि ती सगळी, एकजात सगळी, सांगायची: फार सुंदर. अप्रतिम. असं कधी पाहिलं नव्हतं. मग हेझ्रन आमच्याकडे वळून बघायचा, जणू ती फांदी न् फांदी त्याने स्वतः लावलीय.

आम्ही मान डोलवायचो. क्लीव्हन अशा वेळी जाळं झटकायला लागायचा.

या वर्षी विमेवाल्यांनी नवं काढलं. ईस्टरनंतर सत्तरीला टेकलेला माणूस भाड्याच्या बोटीवर कप्तान म्हणून चालणार नाही. परीक्षा घेऊ दे, पण बोटीवर पाय ठेवायचा नाही. हेझ्रन सत्तरीला टेकलेलाच होता. व्हर्लीनने त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "ईस्टरपर्यंत तरी आहे ना मी?" आणि दुसऱ्या दिवशी तीन बोटींना एका सकाळी पास केलं.

ईस्टर तोंडावर आला तेव्हा देवालाच दया आली आणि त्याने टोरांटोचा एक दातांचा डॉक्टर पाठवला. ग्रेगर त्याचं नाव, आणि बायको पॉलीन, शाळेतून निवृत्त झालेली. असा गुणी माणूस धक्क्यावर पुन्हा येणे नाही. डावीकडे म्हटलं की उजवीकडे. मागे घ्यायला सांगितलं की पुढे. पहिल्या फेरीत त्याने पिंपाला वळसा न घालता पिंपच सोबत आणलं. दुसऱ्या फेरीत आमचा पेलिकन रोज बसतो तो खांब हलवला. पक्षी उडालासुद्धा नाही, नुसता बघत राहिला, इतकं आश्चर्य त्यालाही वाटलं. हेझ्रनने जीव ओतून शिकवलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कसूर केली नाही. शेवटी पॉलीन नवऱ्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "ग्रेगर, तू लोकांच्या तोंडातच हात घालत जा. कप्तान, तुम्ही चला आमच्याबरोबर."

हेझ्रन "जरा थांबा" म्हणून घरी गेला आणि जोडप्याला उन्हात ताटकळत ठेवून इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि जुनी कप्तानाची टोपी घालून आला. दाढीही केली होती.

"लग्न आहे का कुणाचं, कप्तान?" मी विचारलं.

"तुला बोलावणं नाही," तो म्हणाला आणि कुणाचा हात न धरता बोटीत उतरला.

बोट खाडीबाहेर पडेपर्यंत धक्क्यावर टाळ्या चालल्या होत्या. क्लीव्हन तेवढ्यात माल उतरवायला आला. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, आम्ही सांगितलं. त्याने हातातली टोपली खाली ठेवली. "बागेकडे नेतोय तो त्यांना?" म्हणाला. मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढचं मला पॉलीनने सांगितलं, संध्याकाळी, माझ्या टपरीवर कोशिंबीर खाता खाता. तिला वाटलं, ती एक मजेदार गोष्ट सांगतेय.

वाटेत कप्तान खूप बोलत होते म्हणे. मामा, इस्मे, छप्पर आणि माड, सगळं. जागेवर आल्यावर इंजिन बंद केलं, नांगर स्वतः टाकला आणि म्हणाले, पाण्याला ओढ किती आहे ते आधी मी बघतो. गॉगल लावून शिडी धरून पाण्यात उतरले. मग शिडी सोडली. तोंड पाण्यात, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तसेच तरंगत राहिले. इतका वेळ, की तिने ग्रेगरला सांगितलं, उडी मार. तेवढ्यात ते वर आले.

"चुकलो," म्हणाले. "ही ती जागा नाही."

नांगर उचलला, मोठा वळसा घेतला, पुन्हा छप्पर आणि माड जुळवले, पुन्हा थांबले, पुन्हा उतरले. पॉलीन बाई शिक्षिका, तिचं लक्ष बारीक. खाली खुर्चीच्या आकाराचा एक दगड होता, तो तिने आधी पाहिला होता. जागा तीच होती. तसं तिने सांगितलंही. कप्तान म्हणाले, नाही बाई, ती नाही. मग त्यांना वाळूच्या दांड्यावर नेलं, तारामासे दाखवले, पाकट दाखवला, दिवस फार छान गेला.

"तुम्ही पाहिलंत का खाली, त्या जागी?" मी विचारलं.

"पाहिलं ना. करड्या काटक्यांचा ढीग होता नुसता, शेवाळ चढलेला. थोडे मासे होते." तिने लिंबाची फोड चोखली. "पण खरं सांगू, सुंदरच होतं."

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमचा समुद्र तापला होता. पाय घातला की अंग धुवायच्या पाण्यासारखा लागायचा. त्या ऑगस्टमध्ये बाग आधी पांढरी झाली, मोगऱ्यासारखी, आणि मग करडी होऊन मेली. क्लीव्हनने येऊन सांगितलं तेव्हा हेझ्रन नॅसॉच्या गच्चीवर होता. तो परत आल्यावर त्याला कोण सांगणार? या धक्क्यावर कुणाच्या घरी काय शिजलं ते वास यायच्या आधी कळतं. तेवढी एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून झाकून धरली, आणि गिऱ्हाइकांनी, बिचाऱ्यांना काही माहीत नसताना, ती आमच्यापेक्षा छान झाकली. ज्याने हिरवं झाड पाहिलंच नाही त्याला वाळकं झाडही सुंदरच.

तर त्या संध्याकाळी बोट धक्क्याला लागली तेव्हा डॉक्टर ग्रेगर, ज्याने सकाळी पिंप ओढून आणलं होतं, तो दोर बांधला जात असताना मोठ्याने म्हणाला, "मंडळी, आमच्या कप्तानाला त्याची बागच सापडली नाही."

मिस व्हर्लीन दारात उभी होती, ती तिथेच राहिली. हेझ्रन दोराची गाठ मारत होता आणि ती मारून झाल्यावरही आवळत होता. शर्ट ओला होऊन अंगाला चिकटला होता.

मग क्लीव्हन बोलला. घसा साफ करून, रोजच्या चेष्टेच्या आवाजात. "काय काका, म्हातारपणी फाटकच विसरलात का बागेचं?"

आणि आम्ही हसलो. सगळे. मीही, इतक्या जोरात, की सुरी हातातून निसटली. कुणी म्हणालं, याला आता घरचा रस्ता तरी सापडतो का बघा. कुणी म्हणालं, माड हलला असेल रे. जन्मभर ज्या गोष्टीचा त्याला गर्व, तिच्यावरच आम्ही त्याला धू धू धुतला, आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

"चष्मा घरी राहिला," तो म्हणाला.

"तुम्ही चष्मा कधी लावता, काका?"

"म्हणून तर राहिला."

पुन्हा हशा. जोडपं खूश होऊन कोशिंबीर खायला माझ्या टपरीकडे वळलं. मग हेझ्रन पिशवी घेऊन क्लीव्हनच्या बोटीपाशी गेला. मी जवळच होतो, आणि ऐकायचं नाही असं मी कधी ठरवत नाही.

"मला पुढच्या आठवड्यात नेणार होतास तू," हेझ्रन म्हणाला.

"हो, काका."

"वर्षभर पुढचाच आठवडा."

क्लीव्हनने जाळं झटकायला घेतलं.

"इंजिन बरं आहे ना आता?"

"बरं आहे."

"मग चांगलं झालं," म्हणून हेझ्रन घरी गेला.

ईस्टर आला. मिस व्हर्लीन नॅसॉला विमेवाल्यांच्या दारात तीनदा जाऊन बसली. बाई हट्टी आहे. भांडून, रडून, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातल्या साहेबाला दोन डझन शेवंडं पोचवून, तिने हेझ्रनसाठी वर्षअखेरपर्यंतची सवलत आणली. कप्तान म्हणून जायचं, कुणी नापास होवो न होवो, दर शनिवारी एक बोट त्याची. तिने हे सगळ्यांसमोर सांगितलं. तिला वाटलं असेल, आपण त्याला काही परत देतोय. आम्हालाही तसंच वाटलं.

हेझ्रन बाकावर बसून दोराचं सुटलेलं टोक वळत होता. त्याने मान वर केली. तिच्याकडे त्याने इतक्या मायेने पाहिलं, की मला कांदा चिरत असल्याचं बरं वाटलं.

"पोरी," तो म्हणाला, "जायचं कुठे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि कुणालाही, अगदी मलाही, चेष्टा सुचली नाही. खाडीत कुणाची तरी बोट तिरकी येत होती. हेझ्रनने ती पाहिली. ओणवा झाला नाही, हाकही मारली नाही. बोट धक्क्याला धडकली, तेव्हा उठला आणि दोर धरला.