भोंडल्याचे चाळीस सेकंद

मला किळस आली. उगाच सौम्य शब्द शोधत बसत नाही.

आमच्या गिरगावातल्या चाळीत भोंडला बंद पडून बरीच वर्षं झाली होती. या नवरात्रात बायकांनी तो पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि खिरापत माझ्या गळ्यात मारली. मी हो म्हटलं ते भाचीसाठी. माझ्या भावाची मुलगी, अकरा वर्षांची, समोरच्याच खोलीत राहते. आठ दिवस रोज शाळेतून आली की माझ्याकडे बसून तिने भोंडल्याची सगळी गाणी पाठ केली होती. आवाज असा खणखणीत की खालचे आजोबा वर बघायचे. तिला त्या फेरात गाताना बघायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा हलवायचा, कान लावायचा, गोड की तिखट विचारायचं. कुणालाच ओळखता आली नाही की करणारीने मिरवायचं. माझी आई यात कधी हरली नाही. मीही सकाळपासून खपून ओल्या शेंगदाण्यांची उसळ केली, वर खोबरं पेरलं. कितीही हलवा, डबा हूं की चूं करणार नाही.

संध्याकाळी अंगणात उतरले. पाट मांडलेला, त्यावर खडूचा हत्ती, सगळं नीट. सात-आठ पोरी, नऊवाऱ्या, नथी, ओठांना लालभडक काहीतरी फासलेलं. समोर स्टँडवर गोल दिवा. गाणं मोबाइलवर लागलं, पोरी फिरल्या, आणि चाळीस सेकंदांत एक ओरडली, "कट! तू खाली बघितलंस यार, परत!" असं पाच वेळा. तोंडं हलत होती, आवाज एकीचाही नाही. गाणं येत कुणाला होतं? थांबल्या की सगळ्या धावत मोबाइलवर. "ई, माझे गाल बघ." "माझा दंड केवढा दिसतोय!" बाजारात कल्ला उघडून पापलेट बघतात ना, तशा त्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी स्वतःकडे बघत होत्या.

मग एक माझ्याजवळ आली. "काकू, आत काय आहे ते आधीच सांगा ना. पाच वेळा चुकवू, सहाव्यांदा बरोबर सांगू. रिअ‍ॅक्शन मस्त येते."

"चुलीत घाल तुझी रिअ‍ॅक्शन," मी म्हटलं.

"जाऊ द्या हो ताई, मुलींची हौस," म्हणत तिच्या आईने माझ्या हातातला डबा घेतला आणि झाकण उचलून सगळ्यांना आत दाखवलं. आईने! त्या बाईच्या हातावर फटका द्यावासा वाटला. पोरींनी मग डबा हलवला, गालांवर हात ठेवले, चिवडा म्हणाल्या, लाडू म्हणाल्या, आणि शेवटी उसळ म्हणून किंचाळत उड्या मारल्या. शी! उसळ मात्र एकीनेही तोंडात घातली नाही.

आणि आमची कुठे होती? फेरात नव्हती. दिव्यामागे मोबाइल धरून उभी होती.

"तू का नाही फिरत गं?"

"मी शूट करते, आत्या."

"कुणी बसवलं तुला या कामाला?"

"कुणी नाही. मीच म्हटलं. मी व्हिडिओत चांगली नाही दिसत."

माझं डोकंच फिरलं. "कोण म्हणालं असं? सांग मला. आत्ता तिला सगळ्यांसमोर सरळ करते."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला साधी गोष्ट कशी आठवत नाही, असं तिला वाटलं असावं.

"तूच. गेल्या दिवाळीत माझा फोटो काढलास ना, तो गोरा करून घरच्या ग्रुपवर टाकलास. सगळ्यांनी लिहिलं, अय्या, ओळखूच आली नाही, किती गोड."

आठवलं सगळं. गोरी केलीच होती, आणि हात लागलाच आहे म्हणून नाकही जरा बारीक केलं होतं. त्या 'ओळखूच आली नाही'ला मी लाल बदाम पाठवले होते. इतका वेळ पोरींची किळस करत उभी होते, आता स्वतःची यायला लागली.

"थांब," मी म्हटलं, "खरा फोटो टाकते ग्रुपवर. आत्ता, तुझ्यादेखत."

ती मोबाइल खाली ठेवून माझ्याजवळ आली, दंडाला चिकटून बघायला लागली. मी दिवाळीपर्यंत मागे गेले. कंदील आला, करंज्या आल्या, भावाला ओवाळतानाची मी आले. मग ती आली, गोरी, बारीक नाकाची. मी आणखी मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"नाहीये?" तिने विचारलं.

नव्हता. चांगला तेवढा ठेवून मूळचा मी त्याच दिवशी काढून टाकला होता.