समासातलं ‘थांबा’

साताऱ्याच्या वाचनालयात मी कारकून म्हणून लागले, तेव्हा माझं निम्मं काम पुस्तकं देण्याघेण्याचं आणि निम्मं खोडायचं. आमचे वाचक पुस्तक नुसतं वाचत नसत, त्याच्याशी भांडत. समासात पेन्सिलीनं लिहीत, ‘लेखकाला चाबकाने फोडा’, ‘पुढे वाचू नका, नायिका मरते’. त्याखाली दुसऱ्या कुणाचं, ‘मेल्या, कशाला सांगितलंस?’ परत आलेलं पुस्तक उघडायचं, खोडरबर घ्यायचा आणि समास स्वच्छ करायचा, असा ग्रंथपालांचा हुकूम होता. मी आधी सगळं वाचून घ्यायची, चिडायची, मग खोडायची. राग माझ्या नाकावर असायचा आणि अक्कल त्याच्या बरीच मागे.

एकाहत्तरच्या लढाईला चार वर्षं होत आली होती. त्या सुमारास एका चोरांच्या कादंबरीनं आम्हाला वेड लावलं. अद्भुत कादंबरी, दोन भाग आलेले, तिसरा ‘लवकरच’. तिच्यात सात चोर. सोन्यानाण्याला ते हात लावत नाहीत. राजाची झोप चोरतात, कोतवालाची सावली चोरतात. एक सापडला तर बाकीच्या सहांनी त्याला तुरुंगातून चोरून आणायचं, अशी त्यांची शपथ. दुसऱ्या भागाच्या शेवटी धाकटा चोर सापडतो आणि त्याला डोंगराच्या पोटातल्या कोठडीत टाकतात. बाहेर कुणीतरी रोज त्याच्या नावानं ताट वाढत राहील, तोवर आतला जिवंत. ताट चुकलं की संपला. आणि भाग तिथंच तुटतो!

त्यावरून आमच्या टेबलापाशी रोज संध्याकाळी कुस्ती लागायची. एक मास्तर होते, त्यांना अद्भुत म्हटलं की पित्त व्हायचं. “कोठडीत वारा नाही, अन्न नाही, आणि म्हणे जिवंत! पाचवीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर छड्या दिल्या असत्या मी,” असं म्हणत दोन्ही भाग त्यांनी तीनतीनदा नेले. दुसरे एक निवृत्त सुभेदार. ते म्हणायचे, “मास्तर, सहा जण येकासाठी जिवावर उदार हून जात्यात, हे मला पटतंय. मी बघितलंय. पर ताटाचं न्हाई पटत. ताट वाढून मानूस वाचत असता, तर लय मानसं वाचली असती.”

“अहो काका, गोष्ट आहे ती!” मी ओरडायची. “पुस्तकात तरी जगू द्या की माणसाला.”

“जगू दे की. माझं काय जातंय?”

दर गुरुवारी एक बाई यायची. माणदेशातली, तिशीच्या आतली, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सासऱ्याच्या नावावर पुस्तक न्यायची. तिचा नवरा त्या लढाईत बेपत्ता झाला होता. तशी तार आली होती, त्यानंतर काही नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती आली की ताटाचा विषय बंद व्हायचा. एकदा मात्र मास्तरांना ती दिसलीच नाही. ते बोलत सुटले, तेव्हा ती मागून हळूच म्हणाली, “आवं गुरुजी, ताट वाढायला काय लागतंय? येक भाकरी आन् कालवण. वाढत ऱ्हायलं तर बिघडलं कुठं?” मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

पुढच्या गुरुवारी तिनं दुसरा भाग परत केला. ती गेल्यावर मी शेवटचं पान उघडलं. समासात पेन्सिलीनं, पाटीवर गिरवल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलं होतं, ‘भाऊ पाट लावतो म्हणतो. माणूस चांगला आहे. दिवाळीपर्यंत थांबेल. मी ताट वाढत राहू का बंद करू? वाचील त्याने सांगावे.’

पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न, त्यांच्यात लावतात. आमच्या वहीत सासऱ्याच्या नावापुढे सही असायची, तिचं अक्षर तेच. सासऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हेही मला नंतर कळलं. पुस्तकं तीच वाचत होती. घरात विचारायला कुणी नाही, म्हणून तिनं अनोळखी वाचकांना विचारलं होतं.

मला ते खोडवलं नाही. पुस्तक तसंच कपाटात ठेवलं. आठवड्याच्या आत सुभेदारांनी नेलं आणि परत आणलं, तेव्हा तिच्या अक्षरांखाली पेन्सिलीनंच त्यांचं उभं, ठसठशीत अक्षर होतं. ‘बाई, मी पलटणीत असताना असे निरोप घरोघर पोचवले आहेत. चार वर्षे चिठ्ठी नाही म्हणजे माणूस नाही. ताट बंद करा. पाट लावून घ्या. सुखी राहा.’

माझं डोकंच फिरलं. काय हा दगडाच्या काळजाचा माणूस! एक बाई आशेवर जगते आहे आणि हा तिच्या तोंडावर दार लावतो! मी बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, घरात कुणी कधी फौजेत गेलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायला ह्याहून जास्त काय लागतं? मी खोडरबर घेतला आणि कागद झिजेपर्यंत सुभेदारांचं अक्षर घासून काढलं. त्या जागी लिहिलं, ‘थांबा. तिसऱ्या भागात तो सुटतो. आम्हाला कळले आहे.’ खाली सही नाही. वर ‘आम्हाला’, म्हणजे जणू अख्खं वाचनालय तिच्या पाठीशी उभं!

गुरुवारी ती आल्यावर मीच तो भाग तिच्या हातात दिला. ती खिडकीशी गेली, शेवटचं पान काढलं आणि पाठमोरी बराच वेळ उभी राहिली. मग पुस्तक टेबलावर ठेवून, दुसरं काहीही न नेता निघून गेली. आनंदानं तिला बोलताच आलं नाही, असं मी घरी आईला रंगवून सांगितलं.

“बाईनं वाचलं का?” सुभेदारांनी विचारलं.

“वाचलं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा हलका झालेला मी पाहिला आणि गप्प बसले.

दिवाळी झाली. ती आली, तशीच, कुंकू लावून. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वाचलं म्हनालीस न्हवं? मग तिची मर्जी,” एवढंच म्हणाले. त्यानंतर चोरांच्या कादंबरीवर ते कधी बोलले नाहीत. ती दर गुरुवारी विचारायची, “तिसरा भाग आला का?” मी म्हणायची, येईल. तिसरा भाग निघणार नाही, असं छापखान्याचं पत्र दिवाळीनंतर आलं, त्यालाही सहा महिने झाले होते. ते मी खणात तळाशी घातलं होतं. रोज म्हणायची, उद्या सांगते. कसलं उद्या अन् कसलं काय! भित्री होते मी, दुसरं काही नाही.

पुढे माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. ते दशक सरता सरता सांगलीच्या एसटी स्टँडवर तिनं मला हाक मारली. मी ओळखलंच नसतं. सासरे गेले, दिरानं घर घेतलं, ती इथं भावाकडे आली होती. भावजय बोलत नाही, म्हणून दिवसभर हळदीच्या वखारीत निवडायला जाते, म्हणाली. न राहवून मी पाटासाठी थांबलेल्या त्या माणसाचं विचारलं.

“त्यो? त्यानं दुसऱ्याच वर्षी बायको केली. बाजारात दिसतो कवातरी, पोरीला खांद्यावर घिऊन. चांगलाच हाय,” ती म्हणाली. “ताई, तिसरा भाग आला का वो?”

मग मात्र मी सगळं सांगितलं. भाग कधी निघालाच नाही. ‘थांबा’ मी लिहिलं. सुभेदारांचं खोडून लिहिलं. ती मला शिव्या देईल, भर स्टँडवर झिंज्या धरेल, असं वाटलं. धरल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“काय लिवलं हुतं त्येंनी?” तिनं विचारलं.

मला ते शब्दन् शब्द पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

“तेच पायजे हुतं मला,” ती म्हणाली. “मला काय कळत न्हवतं व्हय, त्यो न्हाई म्हून? पर माझ्या हातानं ताट बंद हुईना. कुनीतरी बंद कर म्हनावं, म्हूनच तर लिवलं हुतं.”

“मग आता करा की बंद,” मी म्हटलं.

“आता?” ती म्हणाली. “आता कुनासाठी बंद करू, ताई?”