मानेवरचा डाग

लेकीकडे अमेरिकेत असताना बागेत दोन वृद्ध कृष्णवर्णीय भाऊ भेटायचे. एकदा वारा सुटला, तसा थोरल्याने आपला मफलर धाकट्याच्या मानेभोवती गुंडाळला. तिथे भाजल्याचा जुना डाग होता. गोऱ्यांसाठी राखलेल्या हॉटेलात तरुणपणी धाकटा निषेध म्हणून मुद्दाम जाऊन बसला, तेव्हा कुणीतरी मानेवर उकळती कॉफी ओतली होती. तरी धाकट्याने उलट हात उगारला नाही.

"मी असतो तर त्या माणसाला तुडवला असता," थोरला म्हणाला.

"म्हणूनच तुला नेलं नव्हतं," धाकटा हसला.

उलट मारावं की सोसावं, या मतभेदापायी दोघे कित्येक वर्षं बोलत नव्हते. हवं होतं दोघांना एकच, माणसासारखं वागवलं जाणं.

"मग कुणाचं म्हणणं बरोबर होतं?" मी विचारलं.

थोरल्याने धाकट्याचा मफलर नीट केला. "ते आमचं अजून ठरलेलं नाही. पण त्याला भाजलं तेव्हा मी शेजारी नव्हतो, हे अजून सोसवत नाही."